नळीचं दुसरं टोक

साळ्याला आपल्याच कारखान्यात चिकटवू नये, हे मला लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. ज्योत्स्नाला भाऊ एकच, आणि तो आर्वीला वडिलांच्या कापडदुकानात बसून दिवसभर खर्रा चघळायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, गोळा गालात धरायचा आणि गिऱ्हाईक आलं की मान वर करून, ओठ मिटून हुंकार द्यायचा. सासरे सदाशिवराव पार वैतागले होते.

"जवाईबापू, याले तुमी घेऊन जा," ते मला म्हणाले. "गिऱ्हाईक विचारते लुगड्याचा भाव, अन् हा नुसती मान हालवते. मी दुकान पाहू का याच्या पिचकाऱ्या पाहू?"

म्हणून २००७ च्या दिवाळीनंतर गजेंद्र हिंगणघाटला आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन पडला. मी तिथून जवळच, वर्ध्याच्या रस्त्यावर असलेल्या नळ्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. साहेबांचे पाय धरून त्याला माझ्या हाताखाली लावून घेतलं. कारखान्याच्या एका अंगाला जिनिंग होतं. थंडीत कापसाची तूस उडून आमच्या शेडमध्ये यायची, तेलकट नळ्यांना चिकटायची आणि माझं डोकं फिरायचं. त्यात आता साळ्याची भर पडली होती.

मी डिप्लोमा झालेला माणूस. मोजता येतं ते आहे, मोजता येत नाही ते नाही, अशी माझी साधी समजूत होती आणि तिच्यावर माझं बरं चाललं होतं.

त्याच हिवाळ्यात कारखान्याने लेझर आणला. आमच्या नळ्या बॉयलरमध्ये जायच्या, एकीच्या टोकाला दुसरीचं टोक जोडून. जोडणारं यंत्र आपोआप चालायचं, त्याला नजर नसते. दोन टोकांच्या मापात केसाएवढा फरक पडला तरी जोड कच्चा राहतो आणि वाफेच्या दाबाने फुटतो. तोवर आम्ही टोकं स्टीलच्या गेजने तपासत होतो. गेज म्हणजे बरोबर मापाची एक कांब. आत गेली तर नळी पास, अडली तर नापास. गिऱ्हाइकाला आता तेवढं पुरत नव्हतं. प्रत्येक टोकाचा आतला आकार त्याला कागदावर हवा होता.

लेझर म्हणजे काही अवाढव्य प्रकरण नव्हतं. ट्रंकेएवढं खोकं, वर पडदा, दोन लांब वायरी आणि प्रत्येक वायरीच्या शेवटी बोटाएवढी जाड कांडी. कांडी नळीच्या टोकात सारली की तिच्या शेंड्यावरचा आरसा गरगर फिरायचा, लाल ठिपका आतल्या भिंतीवरून चक्कर मारून यायचा आणि पडद्यावर त्या टोकाचं वर्तुळ उमटायचं. वर्तुळाखाली आकडा यायचा, आतलं सगळ्यांत कमी माप. आमच्या नळीला ते चव्वेचाळीस मिलिमीटर यायला पाहिजे. पॉइंटनंतरचे आकडे इथे सांगत बसत नाही, ते ज्याचे त्याला.

नळी सहा मीटरची. पडद्यापाशी, ए टोकाला मी. बी टोकाला गजेंद्र. त्याने टोक पुसायचं, कडेवरून तळवा गोल फिरवून कापताना राहिलेली धार लागते का बघायचं, कांडी आत सारायची आणि मला सांगायचं. नळ्या कापणाऱ्या करवतीच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नसे. म्हणून तो शेजारच्या नळीला तोंड लावून बोलायचा आणि मी तिच्या या टोकाला कान लावायचो.

"घ्या, भाऊजी!"

आवाज इतका जवळून यायचा की कानात गरम वाफ आल्यासारखं वाटायचं, आणि सुपारीचा वासही. मी बटण दाबायचो. दिवसभर हेच. खरं सांगतो, तो काम बरं करत होता. मला त्याचाही राग यायचा.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी बी टोकाचा आकडा छत्तीस आला.

वर्तुळ गोल नव्हतं. वरून आणि खालून दाबलेलं होतं, दोन्ही बाजूंना निमुळतं. मी उठून तिकडे गेलो, गेज घातला. सुळकन आत गेला. पुन्हा लेझर लावला, छत्तीस. दुसरी नळी घेतली, तिसरी घेतली. माझ्या टोकाला चव्वेचाळीस, त्याच्या टोकाला छत्तीस.

"थुंकला का नळीत?" मी विचारलं.

"काय बोलून राह्यले, भाऊजी! नळीत कोन थुंकते?"

"मग कांडीचा काच घाण केला असशील. तुझे हात पाहा, चुन्याने पांढरे झालेत."

त्याने हात धुतले, कांडी पुसली. छत्तीसच आलं. मी चिडून त्याला ए टोकाला पाठवलं आणि स्वतः बी टोकाला उभा राहिलो. आता लेझर बी टोकाला चव्वेचाळीस दाखवत होता आणि ए टोकाला छत्तीस.

"मशीन माह्यावर नाराज हाये," तो हसत म्हणाला. "काऊन, कोनाले मालूम."

पुण्याहून कंपनीचा माणूस आला. सभ्य, इस्त्रीचा शर्ट घातलेला. आधी त्याने मलाच दोन-चार गोष्टी समजावल्या. मग बॅगेतून एक स्टीलची कडी काढली, बरोबर चव्वेचाळीसची, सरकारी शिक्क्याची. टेबलावर ठेवून तिच्यात कांडी धरली, चव्वेचाळीस आलं. तीच कांडी गजेंद्रच्या हातात दिली, छत्तीस. हात थरथरतो म्हणाला. मग कांडी स्टँडला आवळून टाकली आणि गजेंद्रला नुसतं शेजारी उभं केलं, हात मागे बांधून. छत्तीस. गजेंद्रला शेडबाहेर पाठवलं, चव्वेचाळीस.

त्या माणसाने कडी पुसली, डबीत ठेवली आणि डबी बॅगेत टाकली. "यांना मशिनजवळ उभं करू नका," एवढंच म्हणाला. चहाही घेतला नाही. नंतर मी त्याला फोन लावत राहिलो, त्याने कधी उचलला नाही.

तोड सोपी होती. नळी पुसून, कडा तपासून गजेंद्रने मागे शेडच्या दाराशी जायचं आणि कांडी मी सारायची. साहेबांना सांगायची गरज पडली नाही. पण मला चैन पडेना. जे मोजता येतं ते आहे, असं म्हणणाऱ्याने हा आकडा कुठे ठेवायचा? म्हणून रोजची पहिली नळी मी गजेंद्रलाच कांडी धरायला लावून मोजू लागलो. इतर कोणाला कळू न देता. छत्तीसचं पस्तीस झालं, मग चौतीस.

होळीच्या सुमाराला आम्ही तिघं चौकात पाणीपुरी खायला गेलो. ज्योत्स्ना पटापट खात होती. गजेंद्रने पुरी हातात फोडली, तुकडे केले आणि एकेक तुकडा तोंडात टाकला. पाणी वाटीतून प्यायला.

"हे काय करून राह्यला रे?" ज्योत्स्नाने विचारलं.

"अख्खी जात नाई."

"काऊन जात नाई? आ कर."

त्याने आ केला. भर चौकात, गाड्यावरच्या दिव्याखाली, तिने भावाच्या दातांमध्ये बोटं उभी धरून पाहिली आणि तिसरं बोट आत जाईना. त्या वर्षी वैशाखात त्याचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी पुलगावची, रक्षा नावाची, बी.एड. करत होती. एकुलत्या एका भावाचं लग्न, ज्योत्स्ना सहा महिने आधीपासून हवेत होती. त्या रात्री ती जेवली नाही.

आम्ही त्याला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिने त्याच्या गालाच्या आतून बोट फिरवलं आणि आतली चामडी खर्र्याने कशी ताठ होत जाते ते सांगितलं. या भागातली अर्धी पोरं हेच घेऊन येतात म्हणाली. मग वरच्या आणि खालच्या दातांमध्ये एक छोटी स्टीलची मोजपट्टी धरली.

"चौतीस," ती म्हणाली. "निदान चाळीसच्या वर पाहिजे."

माझ्या पडद्यावर चौतीस महिन्याभरापूर्वी येऊन गेलं होतं. त्या दिवशी सकाळी आलं होतं एकतीस.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा ती डॉक्टर म्हणाली, "एकतीस. खर्रा सुटला नाही वाटतं?" मी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसलो. त्याच्या जबड्याचं माप माझ्या नळीत येत होतं, आणि दवाखान्याच्या आधी येत होतं. त्या दिवशी पडद्यावर सव्वीस होतं.

ज्योत्स्नाला मी तेव्हा सांगितलं नाही. काय सांगणार होतो? मात्र त्या दिवसापासून मी गजेंद्रच्या मागे हात धुऊन लागलो. पानठेल्यावर जाऊन बजावून आलो, याला खर्रा दिलास तर बघ. त्याचे खिसे तपासले, उशीखालच्या पुड्या संडासात टाकल्या. डॉक्टरणीने व्यायाम दिला होता. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, रोज जमेल तशी एक वाढवायची. ज्योत्स्ना कुठून कुठून काड्या गोळा करून आणायची, उकळून धुवायची. संध्याकाळी तो पलंगावर काड्या दातांत धरून बसायचा, डोळ्यांतून पाणी गळायचं आणि ती त्याचे गाल चोळून द्यायची.

"अजून एक, गजू. रक्षाच्या हातचा घास खायचा हाये न तुले?"

आणि पोराने खरंच खर्रा सोडला. मला वाटलं नव्हतं. मी त्याला नालायक समजत आलो होतो आणि तो निघाला माझ्यापेक्षा हट्टी. एप्रिलमध्ये डॉक्टरणीची पट्टी तेहतीसवर गेली. पुढच्या फेरीला पस्तीस. ती हसली, ज्योत्स्ना तर रडलीच. घरी येताना आम्ही सेवाग्राम चौकात थांबून उसाचा रस प्यालो आणि गजेंद्रने ग्लास तोंडाला लावून मुद्दाम मोठा आ करून दाखवला.

पडद्यावर मात्र आकडा उतरतच होता. एकोणीस. चौदा. नऊ.

मला वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. तोंड उघडत होतं आणि नळी मिटत होती, म्हणजे दोघांचा संबंध नव्हता. आधीचे आकडे जुळले तो योगायोग. मशिनमध्ये बिघाड होता आणि मी दोन महिने भुताखेतावर विश्वास ठेवणाऱ्या बाईसारखा वागत होतो. मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

लग्नासाठी आर्वीला निघायच्या आधीची सकाळ. शेडमध्ये उन्हाने पत्रे कडकड वाजत होते. गजेंद्रने पहिली नळी पुसली, सवयीने कडेवरून तळवा फिरवला. तळव्याला मळकी पट्टी होती. करवतीचं पातं बोथट झालं होतं, त्यामुळे कडेला धार राहायची, आणि काही दिवसांपूर्वी ती त्याच्या हातात घुसली होती. त्यावर चुना दाबून, चिंधी बांधून तो कामाला लागला होता. कारखान्यात हे रोजचंच.

"घ्या, भाऊजी!"

मी बटण दाबलं. ठिपका फिरल्याचा आवाज आला. पडद्यावर वर्तुळ उमटलं नाही. तिथे एक आडवी रेघ होती. खाली शून्य.

मी वाकून नळीतून पाहिलं. कांडी बाहेर काढून गजेंद्रही तिकडून पाहत होता. लांब, गोल उजेडात त्याचे दात दिसले. तो हसत होता.

आर्वीला हळदीच्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "भाऊजी, जबडा आखडून राह्यला." चहा बशीतून ओठांना लावून प्यायला.

"आत्ताच्या आत्ता सावंगीला नेऊ," मी म्हणालो.

सासूबाई हळदीची वाटी घेऊन उभ्या होत्या. "जवाईबापू, काय बोलून राह्यले तुमी? हळद लागली त्याले. हळदीच्या नवरदेवानं शीव वलांडू नाई. खर्र्याचंच असन, काड्या धरून बसन घडीभर."

त्याला काड्या दिल्या. सगळ्यांनी मिळून दिल्या. काडी दातांत जाईना, तर त्याच्या मामाने अंगठ्याने जबडा खाली ओढून पाहिला. गल्लीतला डॉक्टर आला, हळदीने पिवळ्या झालेल्या गालावर टिचकी मारून म्हणाला, "खर्रा खाता?" सगळे एका सुरात हो म्हणाले. त्याने गोळ्या दिल्या. खर्रा, खर्रा, खर्रा! होळीपासून आम्ही घरात तेवढा एकच शब्द शिकलो होतो.

मी ज्योत्स्नाला आतल्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. छत्तीसपासून शून्यापर्यंत. ती ऐकत राहिली. तिच्या हाताची ओली हळद साडीला लागत होती.

"मशीननं सांगतलं?" ती म्हणाली.

"हो."

"बाबांले काय सांगू? का जवाई म्हणते, नळीत पाह्यलं म्हणून लगन थांबवा?" तिचा आवाज चढला. "माह्या भावाच्या लगनाची सुपारी फुटली तवापासून तुमचं तोंड वाकडं हाये. ते मशीन माह्या घरात आनू नोका. आजच्या दिवस तरी नोका आनू."

माझ्याकडे मोजलेला आकडा होता आणि तो कोणासमोर ठेवायची सोय नव्हती. मी गाडी सांगायला अड्ड्यावर गेलो. गाडी घेऊन आलो तर सासऱ्यांनी ती परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी नवरदेव घोड्यावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. गाल मागे ओढलेले, दात दिसत होते, भुवया वर गेलेल्या. घोड्यापुढे नाचणारी पोरं त्याच्याकडे बघून जास्तच नाचत होती.

"कसा हासून राह्यला पाहा नवरदेव," एक बाई म्हणाली. "लय खुशीत हाये."

फोटोवाल्याने पटापट फोटो काढले. मी घोड्याच्या लगामाला धरून चाललो होतो. मी वर पाहिलं. तोंडावर हसू होतं आणि डोळे माझ्याकडे लागले होते. डोळे हसत नव्हते.

मांडवाच्या दाराशी बँडवाल्यांनी एकदम जोरात सुरुवात केली.

गजेंद्रची पाठ मागे वाकली. धनुष्यासारखी. मुंडावळ्या घोड्याच्या पाठीवर टेकल्या.

अक्षता पडल्याच नाहीत.

सावंगीला त्यांनी त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, आवाज होऊ नये म्हणून. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याची आवळलेली मूठ एकेक बोट करून उघडली. हळदीच्या थराखाली जखम काळी पडली होती.

"हे कधी लागलं?" त्यांनी विचारलं. "इंजेक्शन घेतलं होतं?"

इंजेक्शन कोणी दिलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. आधी आला असता तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यांनी जमेल ते सगळं केलं, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार इतर सगळ्या जगाबद्दल आहे.

शेवटी सासूबाईंनी सोन्याचा मणी आणि तुळशीचं पान आणलं. तोंडात घालायला. दात उघडले नाहीत. दोघा-तिघांनी प्रयत्न केला, मग सदाशिवराव म्हणाले, "राहू द्या. त्रास होते त्याले." मणी आणि पान ओठांवर ठेवलं. पान वाऱ्याने उडालं, ते पुन्हा ठेवलं.

पावसाळ्यात मी कामावर परत गेलो. बी टोकाला आता हरिदास नावाचा माणूस दिला होता. त्याच्या हातून चव्वेचाळीस येत होतं, प्रत्येक नळीला. साहेब म्हणाले, बघा, मशीन सुधारलं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

एका सकाळी हरिदासला उशीर झाला. मी पहिली नळी लावली, बी टोकात कांडी सारली आणि या टोकाला येऊन बटण दाबलं. तिकडे कोणी नव्हतं.

आडवी रेघ उमटली. रेघ मध्यभागी किंचित फाकलेली होती. खाली आकडा दोन.

हरिदास आला, चव्वेचाळीस आलं.

मी घरी येऊन ज्योत्स्नाला सांगितलं. सांगायला नको होतं, पण त्या घरात तेव्हा बोलायला दुसरं काही उरलं नव्हतं. ती माझ्याशी जेवण वाढण्यापुरतीच बोलायची. हळदीच्या दिवसाचं ती मला बोलत नव्हती आणि मी तिला बोलत नव्हतो, आणि दोघंही तेच बोलत होतो. ती ऐकून उठली, देवापाशी दिवा लावला आणि परत येऊन बसली.

"दोन म्हणजे उघडून राह्यलं?" तिने विचारलं.

"दोन म्हणजे दोन."

"शून्याचं दोन झालं न पन?"

मी हो म्हणालो.

तेव्हापासून मी रोज हरिदास यायच्या आत पहिली नळी मोजतो. आणि रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत ती विचारते, आज किती. पाच. अकरा. अठरा. आकडा वाढला की तिला भूक लागते. गजेंद्रच्या नावाने मांडलेल्या ताटात ती पहिल्यांदा पातळ वरण वाढायची, मग भात वाढू लागली, आता पोळी वाढते. ताट सकाळी गाईला देते. आकड्याने छत्तीस ओलांडलं त्या दिवशी तिने आईला फोन करून सांगितलं आणि दोघी फोनवर रडल्या, समाधानाने. ते मशीन आता माझ्या घरात आहे. तिनेच आणलं.

एक गोष्ट तिच्या लक्षात नाही, किंवा ती लक्षात घेत नाही. लेझर कधीच झालेलं दाखवत नव्हता. तो नेहमी व्हायचं असलेलं दाखवायचा.

आज तिने विचारलं, तेव्हा मी खाली मान घालून चपला काढत होतो.

"चव्वेचाळीस," मी म्हणालो.

"पूर्न?"

"पूर्ण."

ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. आत जाऊन तिने पुरणासाठी डाळ भिजत घातली. मी तिथेच उंबऱ्यापाशी बसून राहिलो.

चव्वेचाळीस मागच्या सोमवारी होतं. ती नळी बाहेरून मोजली तर एक्कावन्न भरते, लोखंड धरून. मी स्वतः पट्टी लावून पाहिली आहे. आज सकाळी पडद्यावर तिचं आतलं माप सदुसष्ट होतं.